स्पॅनिश शिकवताना: गाणी की टप्प्याटप्प्यानं वाचन?

नवशिक्यांच्या वर्गासाठी यातलं काय घ्यावं, असं एका शिक्षिकेनं विचारलं. उच्चारासाठी गाणंच. एका शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दात कसा मिसळतो, ते कानानंच कळतं. गायक मानू चाओच्या 'मे गुस्तास तू'मध्ये 'गुस्ता' (आवडतं), 'गुस्तान' (आवडतात) इतक्यांदा येतं की नियम न सांगताही जिभेवर बसतं. रेगेटॉन, म्हणजे कॅरिबियन भागातलं ठेक्याचं नाचगाणं, मात्र सुरुवातीला नकोच. कॅरिबियन गायक शेवटचा 'स' बरेचदा गिळतात.

भूतकाळाची दोन रूपं (एकदा घडून गेलेलं नि तेव्हा घडत असलेलं) गाण्यातून नीट उलगडत नाहीत. त्यांना टप्प्याटप्प्यानं वाचायची गोष्ट लागते: आधी चित्रं नि मोजके शब्द, मग परिच्छेद, हळूहळू आधार कमी. तयारीला वेळ जातो, पण मजकूर पुढच्या वर्षीही चालतो.

शाळकरी मुलांना, बोलण्यापुरतं शिकणाऱ्यांना गाणी. देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणाऱ्यांना वाचन.