मायपायसी, काही महिन्यांनंतर: वेग खरा आहे, पण चालतंय नेमकं काय ते सांगत नाही

पायथनची आवृत्ती वाढवली आणि रात्री चालणारं लॉग तपासायचं काम परत रखडत चालायला लागलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, निकालही अगदी बरोबर. फक्त मायपायसीने, म्हणजे पायथन कोड सीमध्ये कंपाइल करून वेगवान करणाऱ्या टूलने, मिळवून दिलेला वेग गायब. लिहायला बसलोय ते या चिडीतून, पण कौतुकही येईल, कारण ते खरं आहे.

लांबलचक ओळख करून देत बसत नाही. सायथन या तशाच दुसऱ्या कंपायलरचा पूर्ण फायदा घ्यायचा तर सी-छाप टाइप जागोजागी पेरावे लागतात, तेवढा उत्साह नव्हता. रस्टसारख्या वेगवान भाषेत नव्याने लिहायला वेळ नव्हता आणि एका स्क्रिप्टसाठी मोठा सर्व्हर घेणं माझ्या स्वभावात नाही. टाइप हिंट्स, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारचा डेटा येणार हे सांगणाऱ्या खुणा, मात्र लिहून तयार होत्या. त्या हिंट्स तपासणाऱ्या मायपायबरोबर फुकट येणारं टूल त्याच हिंट्सवरून सी एक्स्टेन्शन (पायथनला थेट वापरता येणारं, सीमधून बनलेलं मॉड्यूल) बनवून देत असेल, तर नको कशाला म्हणा?

वेगाबद्दल आधी सांगतो. डॉक्युमेंटेशन म्हणतं, हिंट्स असलेला कोड बहुतेक वेळा १.५ ते ५ पट वेगवान होतो. आमच्या टोकन मोजणाऱ्या मॉड्यूलला, जिथे स्वतःचे क्लास आणि घट्ट लूप आहेत, अडीच-तीन पट फरक पडला. रेजेक्स (मजकुरात नमुने शोधणं) आणि जेसन (डेटाचा एक फॉरमॅट) वाचण्याच्या भागात शून्य. ते आधीच सीमध्ये आहेत, तिथे कंपायलर काय करणार!

आता मुख्य तक्रार. कंपाइल केल्यावर सोर्स फाइलच्या शेजारी एक डॉट-एसओ फाइल, म्हणजे तेच एक्स्टेन्शन, येऊन बसते आणि तिच्या नावातच पायथनची आवृत्ती असते. इम्पोर्ट करताना पायथन आधी एक्स्टेन्शन शोधतं, मग सोर्स. म्हणजे सोर्समध्ये दुरुस्ती करून पुन्हा कंपाइल केलं नाही, तर जुनाच कोड चालत राहतो आणि तुम्ही प्रिंट टाकून टाकून वेडे होता. उलट पायथन ३.११ वरून ३.१२ वर गेलात, की जुन्या फाइलचं नाव जुळत नाही, ती गुपचूप बाजूला पडते आणि साधा सोर्स चालतो. आमचं झालं ते हेच. दोन्ही वेळा टूल ढिम्म.

न्यायाने बोलायचं तर हा नियम पायथनच्या इम्पोर्टचा आहे, मायपायसीचा नाही. शिवाय सोर्सवर परत येणं ही सोयही आहे: कंपाइल केलेलं व्हील (इन्स्टॉल करायचं तयार पॅकेज) जिथे मिळत नाही तिथे मायपाय स्वतः साध्या पायथनवर चालतं. हे आठवलं आणि राग उतरायला लागला. मग मायपायची आवृत्ती विचारणारी कमांड चालवली, तर आकड्यापुढे कंसात ‘कंपाइल्ड: येस’! कोडची मांडणी नीट करणारा ब्लॅक फॉरमॅटरही तसंच छापतो. म्हणजे आपण कोणता कोड चालवतोय हे कळायला हवं, असं या मंडळींनाही वाटतं. फक्त त्यांनी ते आपापल्या टूलपुरतं ठेवलंय. राग परत चढला. आता आमची स्क्रिप्ट सुरू होतानाच प्रत्येक मॉड्यूलच्या फाइलचं नाव तपासते आणि शेवट डॉट-पीवाय, म्हणजे साधा सोर्स, असेल तर चालायलाच नकार देते. चार ओळींचं काम, पण ते मी का करायचं?

अनपेक्षित फायदा एकच, पण मोठा. कंपाइल केलेल्या कोडमध्ये हिंट्स प्रत्यक्ष चालताना तपासल्या जातात. एका जुन्या फंक्शनला स्ट्रिंगच्या जागी अधूनमधून ‘नन’ (पायथनमधलं ‘काहीच नाही’) मिळत होतं आणि एरवी ते तसंच पुढे सरकायचं. इथे पहिल्याच फेरीत टाइपएरर. हिंट म्हणजे नुसती शोभा नाही, हे टीममधल्या सगळ्यांना त्या दिवशी पटलं. ‘एनी’ (कोणताही टाइप चालेल) लिहून पळवाट काढणाऱ्यांना मात्र तपासणीही नाही आणि फारसा वेगही नाही.

टेस्ट्स मी कंपाइल न केलेल्या सोर्सवरच चालवतो. एकत्र कंपाइल झालेली फंक्शन्स एकमेकांना थेट सीमधून बोलावतात, त्यामुळे मॉक (टेस्टसाठी खऱ्या फंक्शनच्या जागी ठेवलेलं खोटं) लावला तरी त्याला कोणी विचारत नाही. डीबगरही आत शिरत नाही. रिलीजच्या आधी एकदा कंपाइल केलेल्यावर चालवून घेतो, तेवढं पुरतं.

एक इशारा, घाईत सुटून जाईल असा: रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं) फार खोल गेलं तर कंपाइल केलेला कोड रिकर्शनएरर देत नाही, अख्खी प्रोसेसच कोसळते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. आमच्याकडे झाडासारखा डेटा खोलवर फिरणारं एक मॉड्यूल होतं, ते कंपाइलच्या यादीतून काढून टाकलं. आता ते साध्या पायथनवर चालतं आणि सुरुवातीच्या तपासणीत त्याला तेवढी सूट दिली आहे.