क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे जन्मदाखला खरा, असं धरून चालू नका

नेदरलँड्सला फॅमिली घेऊन जायची तयारी करताय, आणि घरात कुणाचा तरी जन्मदाखलाच नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मोठं झालंय, पण वाचा.

मिस्टरांना तिकडे जॉब लागला आणि कंपनीने कागदांची यादी पाठवली. मॅरेज सर्टिफिकेट, मुलाचा जन्मदाखला आणि माझा जन्मदाखला, तिन्ही अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण घेऊन. पहिले दोन महापालिकेचे, मराठी-इंग्रजी दोन्हीत, त्यात काही अडचण नव्हती. अडलं माझ्यापाशी. माझा जन्म 1986 चा, आजोळी, घरातच. दाखला कधी काढलाच नव्हता, शाळेच्या एलसीवर आजवर सगळं निभावलं, अगदी पासपोर्टसुद्धा. मामा ग्रामपंचायतीत जाऊन आला तर ग्रामसेवक म्हणाले जुनी रजिस्टरं काढून बघावी लागतील, वेळ लागेल. आणि इकडे एचआरचे मेलवर मेल.

मग ओळखीतून एक एजंट मिळाला. ऑफिस टापटीप, भिंतीवर झेंडे, चहा वगैरे. "मॅडम गावाला जायचं कामच नाही, आता सगळं सेंट्रलला झालंय, सीआरएस पोर्टलवरून मी ऑनलाइन काढून देतो." दाखल्याचे 8,000 आणि अपोस्टिलचे कागदाला 6,500, त्यात म्हणे एम्बसीचा स्टॅम्प पण आला. आता गंमत अशी की यात निम्मं खरं होतं. सीआरएस नावाचं जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी पोर्टल आहेच, नवीन दाखले त्यावरून निघतात आणि त्यावर क्यूआर कोडही असतो. म्हणूनच अशा माणसाचं बोलणं पटतं.

थोड्या दिवसात व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. शिक्का, सही, क्यूआर कोड. स्कॅन केलं तर सिंहाची मुद्रा असलेली साइट उघडली, माझं नाव, आईचं नाव, सगळं बरोबर. पैसे देऊन टाकले आणि ओरिजिनल मॅरेज सर्टिफिकेट, मुलाचा दाखला त्याच्याकडे अपोस्टिलला दिला.

पकडलं ते धाकट्या दिरांनी. ते बँकेत आहेत, केवायसीचे कागद रोज बघतात. म्हणाले, "वहिनी, वरचा पत्ता वाचा की." खऱ्या पोर्टलचा पत्ता सीआरएसओआरजीआय डॉट गव्ह डॉट इन असा संपतो. आमच्या क्यूआरमधून उघडलेल्या साइटमध्ये गव्ह हे अक्षर मधेच नावाला चिकटवलेलं होतं आणि शेवट भलताच. म्हणजे दाखलाही त्यांचा आणि तो खरा आहे हे सांगणारी साइटही त्यांचीच!

मग नीट वाचल्यावर अजून निघालं. जन्म 1986 चा आणि नोंदणीची तारीख गेल्याच महिन्यातली. वर्षापेक्षा उशिरा नोंद करायची तर आधी ग्रामसेवकाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र (रजिस्टरमध्ये नोंद सापडत नाही, असं लिहून दिलेलं) लागतं आणि मग मॅजिस्ट्रेटचा आदेश, 1 ऑक्टोबर 2023 पासूनच्या नवीन कायद्यात तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत वगैरेंकडे आहे. एजंट हे घरबसल्या करूच शकत नाही. आणि नोंदणीचं ठिकाण होतं दुसऱ्याच राज्यातलं एक आरोग्य केंद्र. माझी आई जन्मात तिकडे गेलेली नाही.

एजंटला फोन केला तर काय म्हणावं, "मॅडम चालतो हो, कितीतरी लोकांचे असेच गेलेत." अहो, पण तिकडे पकडला गेला असता तर व्हिसा तर गेलाच असता, वर खोटा कागद खरा म्हणून वापरल्याचा गुन्हा माझ्या नावावर, त्याच्या नाही. तो नामानिराळा.

अपोस्टिलचंही सांगते. परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला 50 रुपये आहे. मंत्रालय 2012 पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, त्यांची यादी मंत्रालयाच्या साइटवर आहे. आधी राज्याचं अटेस्टेशन, मग एजन्सीचा चार्ज, कुरिअर, हे धरून खर्च वाढतो ते मान्य. पण एम्बसीचा स्टॅम्प कसला? भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे, नेदरलँड्स पण आहे, आणि दोन्ही देश करारात असले की एम्बसीचा शिक्का लागतच नाही, करार त्यासाठीच तर आहे. अपोस्टिलच्या स्टिकरवर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या साइटवर टाकून बघता येतो, आणि ती साइट स्वतः टाइप करून उघडा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको.

ओरिजिनल कागद परत घ्यायला दिरांना सोबत नेलं, थोडी वादावादी झाली पण मिळाले. पैसे यूपीआयने दिलेले होते म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून ऑनलाइन तक्रार टाकली, पोलीस स्टेशनलाही अर्ज दिलाय.

आणि ऐका, मामाने ग्रामसेवकांच्या मागे लागून रजिस्टर काढायला लावलं तर त्यात माझी नोंद आहे, खबर देणारे म्हणून आजोबांचं नाव. आता रीतसर दाखला निघतोय. मिस्टर पुढे गेलेत, मी आणि मुलगा कागद झाल्यावर जाऊ. काल एजंटचा मेसेज आला, अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. उत्तर दिलेलं नाही, स्क्रीनशॉट पोलिसांना दिलाय.