कम्युनियन: केवळ भाकर, की भाकर आणि चषक दोन्ही?

कम्युनियन म्हणजे मिस्सेत, चर्चमधील मुख्य उपासनेत, ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त मानून भाकर व द्राक्षारस स्वीकारण्याचा विधी. कॅथलिक श्रद्धेनुसार या भाकरीच्या एका लहानशा कणातही संपूर्ण ख्रिस्त उपस्थित असतो. त्यामुळे केवळ भाकरीच्या रूपात कम्युनियन घेणाऱ्याला कृपेच्या दृष्टीने काहीही उणे पडत नाही, असे चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1562 मध्ये स्पष्ट केले. त्याआधी, 1415 मध्ये, कॉन्स्टन्स परिषदेने सामान्य भाविकांना द्राक्षारसाचा चषक देण्यास मनाई केली होती, आणि बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांनी त्याच चषकाला आपल्या चळवळीची खूण बनवले. एका पेल्यासाठी माणसे एवढी झगडली, हे मला आजही अंतर्मुख करते.

दोन्ही रूपांत मात्र खूण अधिक पूर्ण होते, कारण ‘घ्या, खा’ याच्या जोडीला ‘घ्या, प्या’ हीदेखील प्रभूचीच आज्ञा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ही वाट ठरावीक प्रसंगांपुरती पुन्हा खुली केली. त्याच्या एका पद्धतीत धर्मगुरू भाकरीची कड द्राक्षारसात बुडवतात, भाविक हनुवटीखाली तबकडी धरून ‘आमेन’ म्हणतो आणि ती जिभेवरच स्वीकारतो. यात भाकर हातात घेण्याची किंवा स्वतः बुडवण्याची मुभा नसते.

मोठ्या गर्दीत सांडण्याचा धोका असतो, शिवाय उरलेला द्राक्षारस तिथेच प्राशन करावा लागतो, म्हणून रविवारच्या मिस्सेत एकच रूप सोयीचे ठरते. लग्नासारख्या लहान, तयारीच्या प्रसंगी मात्र मी चषकाचीच बाजू घेईन. ज्यांना गव्हाचा अंशही सोसत नाही, त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येते.