इंदूरमध्ये बालपोषणाची इंटर्नशिप: अंगणवाडी की ऑफिस?

एमएसडब्ल्यूवाली (समाजकार्यात मास्टर्स करणारी) पोरं विचारतात म्हणून लिहितेय. फील्ड घेतलंत तर वस्तीतल्या अंगणवाडीत ताईंसोबत वजन, उंची, दंडाचा घेर मोजायचा, 6 महिने ते 5 वर्षांच्या बाळाचा घेर 11.5 सेंमीच्या खाली असला की ते अतिकुपोषित, मग बाळाला एनआरसीत, म्हणजे सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात, भरती करायला आईला समजवायचं आणि तिथे कळतं की तिची मजुरी बुडते, घरी दुसरं लहान पोर आहे, सासू नको म्हणते, आणि हे सगळं बोलायचं हिंदी-माळवीत, आपली घरातली मराठी तिथे कामाची नाही.

ऑफिसातली ॲडव्होकसी, म्हणजे हक्कांसाठी सरकारकडे पाठपुरावा: आकडे, आरटीआय, निवेदनं. कंटाळा येईल, पण 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात कुपोषित बाळाला रोज किती कॅलरी आणि किती प्रोटीन द्यायचं ते लिहिलंय, हे पाठ असलं की अधिकाऱ्यासमोर ठामपणे मागता येतं. एनएफएचएस-5 (2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) नुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची 35.7 टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीला कमी होती, हो, एवढी!

माझं मत, आधी फील्डच. वस्तीतल्या आईला न भेटता लिहिलेलं निवेदन पोकळ वाटतं मला. हातात महिनाभरच असेल तर मात्र ऑफिस घ्या, कारण आयांचा विश्वास बसेपर्यंत तुमची जायची वेळ होते.