टोकियोत राहणाऱ्यांसाठी आगळेवेगळे कॅफे : कोणता निवडावा?

टोकियोत चार दिवसांसाठी येणारा पर्यटक आणि नोकरी किंवा शिक्षणासाठी तिथे दोन-तीन वर्षे मुक्काम ठोकणारा माणूस यांनी आगळेवेगळे कॅफे एकाच निकषावर निवडू नयेत. पर्यटकाला एक छायाचित्र आणि चारचौघांत सांगण्याजोगा एक किस्सा मिळाला की त्याचे काम भागते. राहणाऱ्याला मात्र वेगळे प्रश्न पडतात. तिथे पुन्हा जावेसे वाटेल का, एकट्याने जाता येईल का आणि जपानी भाषा तोडकीमोडकी असताना तिथली गंमत कितपत पदरात पडेल? या प्रश्नांवर मेड कॅफे (जिथे ‘मेड’च्या, म्हणजे मोलकरणीच्या पेहरावातल्या तरुणी वाढतात), प्राण्यांचे कॅफे, निहोनबाशीतले रोबोट कॅफे आणि अभिजात संगीताचे जुने ‘किस्सातेन’ (जुन्या धाटणीची जपानी कॉफीगृहे) पारखून पाहिले, तर प्रसिद्धीचा क्रम आणि पसंतीचा क्रम बराचसा उलटा लागतो, असे माझे मत आहे.

सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे टोकियोच्या अकिहाबारा भागातले मेड कॅफे. ‘क्युअर मेड कॅफे’ तिथे २००१ साली सुरू झाला. कायमस्वरूपी चालणारे पहिले मेड कॅफे म्हणून त्याचीच नोंद केली जाते, आणि आजही त्याचे रूप तुलनेने शांत, लांब झग्यांचे आणि चहाचे आहे. नंतर बोकाळलेला प्रकार अधिक उत्सवी आहे. ग्राहक आत शिरताच ‘मालक, घरी स्वागत असो’ अशा अर्थाची आरोळी होते, मागवलेल्या ऑमलेट-भातावर केचपने मांजर किंवा ग्राहकाचे नाव रेखाटले जाते आणि पदार्थ चविष्ट व्हावा म्हणून हातांचे बदाम करून सगळ्यांकडून एक मंत्र म्हणवून घेतला जातो. हे सारे पहिल्यांदा पाहताना हसू येते, संकोच वाटतो आणि मजाही येते. परंतु खरा भर मेडबरोबरच्या गप्पांवर असल्यामुळे भाषा येत नसेल तर दुसऱ्या भेटीत करायला काही उरत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी बसण्याचे शुल्क वेगळे असते, त्यावर निदान एक पदार्थ किंवा पेय मागवावेच लागते, मेडचे छायाचित्र स्वतः काढता येत नाही आणि तिच्यासोबतच्या छायाचित्राचे पैसे निराळे पडतात. दरपत्रक आधी दाखवले जात नसेल, तर रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे न गेलेले बरे.

प्राण्यांच्या कॅफेंमध्ये मांजरांचे कॅफे आणि बाकीचे सगळे, असे दोन भाग सरळ वेगळे ठेवावेत. मांजर कॅफेचा उगम १९९८ साली तैपेईत झाला असे मानले जाते आणि जपानमध्ये तो २००४ साली ओसाकात आला. तिथे तो रुजण्यामागे भाड्याच्या घरांत प्राणी पाळण्यावर सर्रास असलेली बंदी हे एक ठळक कारण आहे. परदेशातून आलेला भाडेकरूही याच अडचणीत असतो, त्यामुळे वेळेनुसार पैसे मोजून तासभर मांजरांच्या सहवासात बसणे ही त्याच्या दृष्टीने केवळ नवलाई राहत नाही. त्यातही निराधार मांजरांना आसरा देऊन त्यांच्यासाठी घर शोधणारे कॅफे निवडावेत, कारण तिथे तुमच्या पैशाला काही अर्थ राहतो. लहान मूल सोबत असेल तर वयाची अट आधी पाहावी. अनेक ठिकाणी ठरावीक वयाखालील मुलांना प्रवेश नसतो. कायद्याचीही थोडी राखण आहे. २०१२ पासून कुत्री-मांजरे रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत प्रदर्शनात ठेवण्यास मनाई आहे. कॅफेतल्या प्रौढ मांजरांना मात्र रात्री दहापर्यंतची सवलत आहे.

घुबडे आणि पाणमांजरे यांच्या कॅफेंबद्दल माझे मत स्पष्ट आहे : जाऊ नये. रात्री जागणाऱ्या पक्ष्याला भर दिवसा, पायाला दोरी बांधून, अनोळखी हातांच्या स्वाधीन करण्यात कसली मौज? आखूड नख्यांच्या आशियाई पाणमांजराचा तर २०१९ साली साइट्स कराराच्या (दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात समावेश झाला, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले, आणि त्यामागच्या कारणांत पाळीव प्राणी म्हणून वाढलेली मागणी हेही एक होते.

रोबोटचे नाव काढले की अनेकांना टोकियोच्या काबुकिचो भागातले झगमगाटी ‘रोबोट रेस्टॉरंट’ आठवते, पण ते महासाथीच्या काळात बंद पडले. निहोनबाशीत जून २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉन’ या कॅफेची जातकुळी अगदी वेगळी आहे. तिथले ‘ओरिहिमे’ नावाचे रोबोट स्वयंचलित नाहीत. गंभीर आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसे ते दुरून चालवतात. त्यांना तिथे ‘पायलट’ म्हणतात. टेबलावरच्या छोट्या रोबोटमधून पायलट तुमची मागणी घेतो आणि गप्पा मारतो, तर साधारण १२० सेंटिमीटर उंचीचा मोठा रोबोट ट्रे घेऊन येतो. काही पायलट इंग्रजीतूनही बोलतात, त्यामुळे भाषेची अडचण मेड कॅफेइतकी जाचत नाही. इथे पुन्हा जाण्याचे कारणही आपोआप तयार होते, कारण यंत्र तेच असले तरी पलीकडचा माणूस दर वेळी वेगळा असू शकतो. पायलटशी निवांत बोलायचे असेल तर आधी आरक्षण करावे. नुसत्या कॉफीपुरते गेल्यास या कॅफेचे मर्मच हुकते.

तरीही एकच जागा निवडायची झाली, तर मी शिबुयाच्या दोगेनझाका भागातल्या ‘मेइक्योकु किस्सा लायन’ला कौल देईन. १९२६ साली स्थापन झालेले हे किस्सातेन दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यात जळाले आणि १९५० साली त्याच ठिकाणी पुन्हा उभे राहिले. आतल्या खुर्च्या एकमेकींकडे नव्हे तर भिंतभर उंचीच्या लाकडी स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या आहेत. उजेड मंद आहे, गप्पांना आणि छायाचित्रांना मनाई आहे, आणि एक पेय मागवून अभिजात पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड ऐकत बसायचे, एवढाच तिथला रिवाज आहे. बोलायचेच नसल्यामुळे जपानी न येणारा परदेशी माणूस आणि तिथला नेहमीचा ग्राहक यांच्यात फरक राहत नाही, आणि एकट्याने जाणे हीच इथली स्वाभाविक रीत ठरते. गावाहून आलेल्या मित्रमंडळींना मात्र इथे नेऊ नये; त्यांची वर्षभराची साठलेली बातमी ओठांवर असते आणि पहिल्या दहा मिनिटांतच चुळबुळ सुरू होते.

अशा पाहुण्यांसाठी ‘झाउओ’ हे रेस्टॉरंट अधिक सोयीचे. तिथल्या हौदात स्वतः गळ टाकून मासा पकडायचा आणि तोच शिजवून घ्यायचा. न पकडता मागवलेला मासा पकडलेल्यापेक्षा महाग पडतो. गळाला लागलेला मासा परत सोडता येत नाही, हे मात्र मुलांच्या हाती गळ देण्याआधी ध्यानात घ्यावे. शाकाहारी मंडळींचा तिथे अर्थातच निभाव लागणार नाही.

जुन्या किस्सातेनकडे वळताना तंबाखूच्या धुराची चौकशी आधी करावी, कारण एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांत धूम्रपानावर सर्वसाधारण बंदी असली तरी काही छोट्या जुन्या दुकानांना त्यातून सूट मिळालेली आहे. शिवाय अशा अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही, तेव्हा खिशात रोख येन असू द्यावेत.