ट्रायकोडर्मा की पेनिसिलियम? प्रकल्पासाठी बुरशी निवडताना

मातीतल्या बुरशीची सूक्ष्मजीवरोधक द्रव्यं हा विषय घेतलात, तर आधी एकच गोष्ट ठरवा: रोखायचंय कोणाला, जिवाणूंना की दुसऱ्या बुरशीला?

जिवाणू असतील तर मी पेनिसिलियमकडे वळेन. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्ती जोडणारं एन्झाइम बंद पाडतं आणि वाढती पेशी फुटते. मात्र ग्रॅम-निगेटिव्ह (पेशीभित्तीबाहेर आणखी एक पटल असलेल्या) जिवाणूंचं बाहेरचं पटल त्याला आडवं येतं. चाचणीला नुसता ई. कोलाय हा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू घेतलात, तर चांगली बुरशीही निकामी वाटेल. सोबत बाहेरचं पटल नसलेला बॅसिलस सबटिलिस हवाच. शिवाय प्रत्येक पेनिसिलियम पेनिसिलिन बनवत नाही. नायट्यावरचं ग्रिसिओफल्विन (१९३९) पेनिसिलियममधूनच मिळालं, पण ते बुरशीवर चालतं, जिवाणूंवर नाही.

पिकाच्या रोगकारक बुरशीवर काम करायचं असेल, तर ट्रायकोडर्मा. त्याचे पेप्टायबॉल (प्रथिनांसारखे छोटे रेणू) पेशीपटलाला भोकं पाडतात. काही स्ट्रेनच्या (उपप्रकारांच्या) प्लेटचं, म्हणजे वाढीच्या बशीचं, झाकण किलकिलं केलं की ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. तो ६-पेंटिल-पायरोनचा, आणि तेही बुरशीरोधकच. (मुद्दाम हुंगू नका, बीजाणू नाकात जातात.) ट्रायकोडर्मा व्हायरेन्सचे काही स्ट्रेन ग्लायोटॉक्सिन बनवतात. ते जबरदस्त आहे, पण आपल्या रोगप्रतिकारक पेशींनाही घातक, म्हणून औषध होऊ शकलं नाही.

खरी गफलत होते ती चाचणीत. ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत अख्खी प्लेट व्यापतो. समोरची बुरशी दबली ती द्रव्यामुळे, की जागा आणि अन्न हिरावल्यामुळे? दोघांना समोरासमोर वाढवून हे कळत नाही, तरी कित्येक अहवाल तिथेच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. उपाय सोपा आहे. आगरवर (प्लेटमधल्या जेलीसारख्या अन्नाच्या थरावर) निर्जंतुक सेलोफेन अंथरा, त्यावर ट्रायकोडर्मा दोन दिवस वाढवा, मग सेलोफेन बुरशीसकट उचलून टाका आणि त्याच आगरवर रोगकारक बुरशी लावा. आता ती खुंटली, तर जागा हिरावल्यामुळे नाही, बहुधा झिरपलेल्या द्रव्यामुळे. तुलनेला कोऱ्या सेलोफेनची प्लेट ठेवा.

ॲस्परजिलस ही तिसरी बुरशी बायोसेफ्टी कॅबिनेट (बीजाणू बाहेर येऊ न देणारं, गाळलेल्या हवेचं कपाट) नसेल तर घेऊच नका. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे बीजाणू फुप्फुसात रोग करतात.

वेळ कमी असेल तर ट्रायकोडर्मा बरा. पेनिसिलियमला धीर लागतो: वाढ मंदावल्यावर पेनिसिलिन बनू लागतं आणि माध्यमात (बुरशी वाढवायच्या अन्नात) ग्लुकोज भरपूर असेल तर फार कमी बनतं. म्हणून माध्यमात लॅक्टोज घाला आणि नमुना एकदाच न काढता रोज काढा.