एपिडाट: जर्मनीतल्या ज्यू कबरींवरचे लेख वाचायचे असतील तर ही वेबसाइट बघाच

आम्ही नाशिकचे काही जण सुट्टीच्या दिवशी गोदाघाट, पंचवटी भागातल्या जुन्या समाध्या, वीरगळ, भिंतीत बसवलेले लेख यांचे फोटो काढत फिरतो. त्यातल्याच एकाने ही वेबसाइट दाखवली आणि मी रात्री दोनपर्यंत तिथेच अडकलो. जर्मनीत एसेनला स्टाइनहाइम इन्स्टिट्यूट आहे, ज्यू इतिहासावर काम करणारी, हे काम त्यांचं. एकेका कबरीला स्वतंत्र पान, दगडाचा फोटो, हिब्रू मजकूर ओळीला ओळ लावून, सोबत जर्मन भाषांतर आणि खाली टिपा. पैसे नाहीत की लॉगिनची कटकट नाही.

सुरुवात वर्म्स गावापासून करा. तिथलं हायलिगर झांड हे युरोपातलं जागेवर टिकलेलं सगळ्यात जुनं ज्यू कबरस्तान, अकराव्या शतकातले दगड आहेत, २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आलं. तिथे रोथेनबुर्गचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर यांची कबर आहे. राजाने त्यांना १२८६ ला कैदेत टाकलं, १२९३ ला ते कैदेतच वारले, तरी देह काही मिळेना, शेवटी १३०७ ला अलेक्झांडर विम्फेन नावाच्या माणसाने स्वतःचे पैसे भरून तो सोडवला आणि बदल्यात एवढंच मागितलं की मला त्यांच्या शेजारी पुरा. दोन्ही दगड आजही शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लोकांनी ठेवलेले खडे असतात, चिठ्ठ्या असतात. हे वाचून मला खरंच भरून आलं.

दगडावर बोटं फाकवलेले दोन हात दिसले तर तो माणूस कोहेन म्हणजे पुरोहित घराण्यातला, पाण्याची सुरई दिसली तर लेवी म्हणजे पुरोहितांना मदत करणाऱ्या घराण्यातला, एवढं कळलं तरी फोटो बघायला मजा येते.

ज्यू धर्मात कबर कायमची असते, ती जागा परत दुसऱ्याला देत नाहीत. पण नाझी काळात गावोगावचा ज्यू समाजच संपवला गेला आणि मागे दोन हजारांच्या आसपास कबरस्तानं उरली, बघायला घरचं कोणी नाही. १९५७ ला जर्मन केंद्र सरकार आणि राज्यांनी ठरवलं की देखभालीचा खर्च अर्धा अर्धा उचलायचा. त्यातून गवत कापणं, भिंत, कुंपण, कललेले दगड सरळ करणं हे होतं, पण वालुकाश्माचा पापुद्रा एकदा सुटला की अक्षरं गेलीच, ती कुठल्या निधीतून परत येत नाहीत. फ्रँकफुर्टच्या जुन्या कबरस्तानाचा तर मोठा भाग नाझींनी फोडूनच टाकला. त्यामुळे दगड शाबूत आहे तोवर वाचून ठेवणं हेच खरं जतन असं माझं ठाम मत आहे. आपल्या कोकणात बेने इस्राएल म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांच्या कबरींवर हिब्रूसोबत मराठीही असतं, त्यांचंही असं नीट काम व्हायलाच पाहिजे.

भाषांतर जर्मनमध्येच आहे, फोनवरच्या ट्रान्सलेटरने काम भागतं पण नावं आणि धार्मिक संदर्भ त्यात बिघडतात, म्हणून टिपा वाचाच. मोबाइलपेक्षा लॅपटॉपवर बघा, फोटो आणि मजकूर सोबत ठेवता येतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

आम्ही घाटावरच्या लेखांसाठी आता याच धर्तीवर शीट केलीय: फोटो तिरप्या उन्हात काढायचा, मजकूर ओळीला ओळ लिहायचा, न लागलेलं अक्षर रिकामं सोडायचं, अंदाजाने भरायचं नाही. अडचण ऑइल पेंट फासलेल्या दगडांची आहे, पेंट न खरवडता वाचायची रीत कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा.